खोली सोडताना भिंतीची भोकं: छोट्या कामातून उभा राहणारा धंदा



भोक कसं बुजवायचं ते व्हिडिओत करून दाखवलं. पण हिशेब, कागद आणि करारातल्या अटी या गोष्टी व्हिडिओत नीट बसत नाहीत. म्हणून हा लेखी धडा. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मे महिना आहे. शेवगावात पैठण रोडच्या बाजूला एका घरासमोर टेम्पो उभा आहे. भाडेकरू बँकेत नोकरीला, बदली झालेली. सामान भरून झालं. शेवटी टीव्ही काढला आणि भिंतीवर चार भोकं उघडी पडली. शेजारी कॅलेंडरचे, फोटोंचे, पडद्याचे खिळे. घरमालक आत आले.

"सर, भिंत अशीच ठेवून चालले का?"

"काका, चार भोकं तर आहेत."

"चार भोकांसाठी मला सगळी खोली रंगवावी लागणार. डिपॉझिटमधनं पाच हजार कापतो."

टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. बायको-मुलं पुढे निघून गेलीत. तीन वर्षं गोडीत राहिलेली दोन माणसं शेवटच्या दहा मिनिटांत तोंड फिरवून वेगळी होतात. रक्कम मोठी नसते, पण मनात राहते.

हा धंदा या दहा मिनिटांचा आहे. तुम्ही पुट्टी विकत नाही. तुम्ही वाद न होता मिळणारी किल्ली आणि वाद न होता परत जाणारं डिपॉझिट विकता. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

१. गिऱ्हाईक कोण?

"शेवगावात कोण फ्लॅट सोडतंय?" असं कुणी म्हणेल. जरा मोजून बघा. शेवगाव हे तालुक्याचं गाव. तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा, कॉलेज, दवाखाने, एसटी. इथली नोकरदार माणसं बदलीची. खेड्यातनं मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला येऊन राहिलेली कुटुंबं आहेत. खोली करून राहणारे विद्यार्थी आहेत. आणि सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे दुकानाचे गाळे. एक दुकान उठतं, दुसरं बसतं. रॅक, बोर्ड, पंखे काढले की भिंत चाळणीसारखी दिसते.

म्हणजे गिऱ्हाईक तीन प्रकारचं:

– खोली सोडणारा भाडेकरू. त्याला डिपॉझिट हवंय आणि वेळ नाही.
– घरमालक. त्याला पुढचा भाडेकरू येण्याआधी खोली दाखवण्याजोगी हवी आहे.
– गाळा घेणारा नवा दुकानदार. त्याला उद्घाटनाची तारीख गाठायची आहे.

बदल्या आणि शाळेचं नवं वर्ष यामुळे एप्रिल ते जून हा मुख्य हंगाम. बाकी वर्षभर अकरा महिन्यांचे करार संपत असतात.

नेहमीच्या पेंटरकडे हे काम का जात नाही? कारण त्याला अख्खं घर रंगवायचं काम परवडतं. चार भोकांसाठी तो दोन चकरा मारणार नाही. त्यानं सोडलेली जागा ती तुमची.

२. पैसे कुणी द्यायचे? आधी करार वाचा

तुम्ही वकील नाही, निकाल द्यायचा नाही. पण चार गोष्टी माहीत असल्या की बोलणं सोपं जातं.

पहिली: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याबद्दल सांगितलंय की भाडेकरूनं जागा ताब्यात घेताना होती तशा चांगल्या स्थितीत परत करायची. मात्र रोजच्या वापरानं होणारी झीज यातून वगळली आहे. रंग फिका पडला ही झीज. टीव्हीसाठी ड्रिल मारलं ती झीज नव्हे.

दुसरी: आपल्याकडचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि भिंतीबद्दलची अट त्यातच लिहिलेली असते. त्यामुळे सगळ्यात आधी करारातलं वाक्य वाचायचं. काही करारांत रंगाचे पैसे आधीच ठरलेले असतात. तसं असेल तर भाडेकरूनं तुमच्याकडून काम करून घेऊन उपयोग नाही. त्याला तसं स्पष्ट सांगा. एक काम जाईल, पण विश्वास बसेल.

तिसरी: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तोंडी व्यवहार करणाऱ्या मालकांना हे माहीत नसतं.

चौथी: केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. त्यात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या यादीत ठेवलाय, पण भाडेकरूनं केलेलं नुकसान मालकाच्या दुरुस्तीतून वगळलंय. हा नुसता नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी वाटणी कशी करावी याचा अंदाज येतो: भोक ज्यानं पाडलं त्याचं, जुना रंग मालकाचा.

३. भोक बघा, पण आधी भिंत बघा

शेवगावच्या आसपास काळी माती भरपूर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया नीट घेतला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर दिसली तर ती बहुधा अशी असते. ती भाडेकरूनं पाडलेली नाही आणि पुट्टीनं बरीही होणार नाही. पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात तिथंच पुन्हा उघडेल आणि नाव तुमचं खराब होईल. अशी चीर तुमच्या कागदावर "मूळ बांधकामाची चीर, दुरुस्तीत धरलेली नाही" अशी वेगळी लिहा.

ओल असलेली भिंत तशीच. रंगाला फुगे, खाली पांढरी खार, हात लावला तर गार. पाणी कुठून येतंय ते थांबल्याशिवाय त्यावर काम करायचं नाही.

सिलिंगचा किंवा बीमचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर हात लावू नका. ते इंजिनिअरचं काम.

आता रंग ओळखा. ओला हात भिंतीवर घासा. हाताला रंग लागला तर चुना किंवा साधं डिस्टेंपर. नाही लागला तर प्लास्टिक किंवा ऑइल पेंट. ऑइल पेंटच्या गुळगुळीत अंगावर पुट्टी धरत नाही, आधी घासून खरखरीत करावं लागतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारून ओला घासायचा, मास्क लावायचा, लहान मुलं त्या खोलीत नकोत.

४. काम: तीन भोकं, तीन पद्धती

*खिळ्याचं भोक.* खिळा पकडीनं सरळ ओढा, वर-खाली हलवू नका, नाहीतर गिलाव्याचा पोपडा निघतो. कडेला उठलेला रंग पत्र्यानं आत दाबा. भोकातली धूळ ब्रशनं किंवा फुंकून काढा. तयार ॲक्रिलिक पुट्टी पत्र्यानं दाबून भरा, पृष्ठभागापेक्षा किंचित वर. वाळली की १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा.

*गट्टूचं भोक.* टीव्ही, पडदा, फिल्टर यांचं भोक बहुतेक ८ मिलिमीटरच्या आसपास. गट्टूत स्क्रू अर्धा फिरवा आणि पकडीनं स्क्रूसकट गट्टू ओढून घ्या. निघालाच नाही तर पाव इंच आत ठोकून बसवा. इथं नवीन माणूस चुकतो: खोल भोक एका दमात पुट्टीनं भरतो. पुट्टी ही पातळ थरासाठी असते. जाड भरली की आकसते, मधे खड्डा पडतो, कडेनं केसासारखी चीर येते. म्हणून आधी भोक ओलं करून आतला भाग सिमेंट-वाळूच्या मालानं भरायचा. तो वाळल्यावर वरून पुट्टीचे दोन पातळ हात. कोरड्या जागी आतल्या भरावाला पीओपी चालतं, लवकर धरतं. पण बाथरूम-मोरीच्या भिंतीला पीओपी लावू नका, ओलीत टिकत नाही.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी कालवली की साधारण दोन-तीन तासांत वापरून संपवायची. घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालून कालवू नका. लागेल तेवढीच कालवा.

*आरपार भोक.* एसीच्या नळीचं किंवा पाइपचं. कडा छिन्नीनं खरखरीत करा, पाणी मारा, विटेचे तुकडे आणि १:४ चा माल घालून दोन्ही बाजूंनी भरा. बाहेरच्या बाजूनं नीट बंद झालं नाही तर पहिल्याच पावसात आत ओल दिसेल. या मालाला काही दिवस पाणी मारावं लागतं, नंतर वाळू द्यावं लागतं, मगच पुट्टी आणि रंग. म्हणून असं काम खोली सोडायच्या आदल्या दिवशी घ्यायचंच नाही. गिऱ्हाइकाला पंधरा दिवस आधी कळवायला सांगा.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भिंतीतून वायर गेलेली असू शकते. तिथं छिन्नी लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

काम झालं की मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. उंचवटा असेल तर सावली पडते. गिऱ्हाइकानं बघण्याआधी तुम्ही बघा.

५. खरी परीक्षा रंगाची

भोक बुजवणं कुणालाही जमतं. बुजवलेलं भोक न दिसणं हे तुमचं कसब. पुट्टीवर थेट रंग मारला तर ती जागा रंग शोषते आणि वेगळी दिसते. म्हणून आधी प्रायमर.

शेड मिळवायला पहिला प्रश्न मालकाला: "काका, उरलेला डबा आहे का?" माळ्यावर डबा सापडतोच. रंग नसला तरी झाकणावर शेडचा नंबर असतो. डबा नसेल तर कपाटामागून किंवा दारामागून नखाएवढा रंगाचा पापुद्रा काढून रंगाच्या दुकानात मशीनवर शेड मिळवा. थेंबभर रंग भिंतीवर लावून वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही.

तरीही एक सत्य गिऱ्हाइकाला आधीच सांगा: तीन-चार वर्षं जुन्या भिंतीवर नवा ठिपका दिसतोच. खिळ्याची दोन-चार भोकं असतील तर टचअप चालेल. टीव्हीची चार भोकं असतील तर ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा. दोन भिंती काटकोनात भेटतात तिथं शेडमधला बारीक फरक डोळ्याला कळत नाही. १० बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांना साधारण लिटरभर रंग लागतो. खोली रंगवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि मालकाचं समाधान होतं.

६. भाव कसा काढायचा?

खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून पुन्हा मांडा. एक भिंत, टीव्हीची चार भोकं आणि दहा खिळे:

– पुट्टी, प्रायमर, पॉलिश पेपर, टेप: १५० रुपये
– रंग १ लिटर: ३५० रुपये
– दोन फेऱ्यांचं पेट्रोल: ६० रुपये
– स्वतःची मजुरी, ५ तास, तासाला १२० प्रमाणे: ६०० रुपये
– एकूण: १,१६० रुपये
– बिघाड, वाया जाणं यासाठी १० टक्के: ११६ रुपये
– खर्च: १,२७६ रुपये

भाव सांगितला १,६००, तर नफा ३२४ रुपये. मजुरी खर्चात धरली आहे, हे विसरू नका. "माझीच मेहनत, तिचे कसले पैसे" असं म्हणणाऱ्याचा धंदा वर्षभरात बंद पडतो.

आता गंमत बघा. पुट्टी वाळेपर्यंत तुम्ही तिथंच दोन तास बसून राहिलात. दोन तासांची मजुरी २४०. नफ्यातले राहिले ८४. म्हणजे या धंद्यात माल खात नाही, वाट बघणं खातं. उपाय सोपा: एकाच दिवशी जवळजवळच्या दोन-तीन खोल्या घ्या. पहिलीत भरून दुसरीत जा, तिसरी करून पहिलीत परत या.

७. कागद आणि फोटो: तुमचं खरं हत्यार

काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचा एक पूर्ण फोटो आणि प्रत्येक भोकाचा जवळून फोटो. मग एका पानावर एवढंच लिहा:

"जागा... तारीख... भाडेकरू... मालक... / भोकं: खिळ्याची..., गट्टूची..., आरपार... / दुरुस्तीत न धरलेलं: जुनी चीर, ओल... / ठरलेली रक्कम... कोण देणार... / काम पाहिलं, मान्य आहे. सही भाडेकरू, सही मालक."

काम संपल्यावर मालकाला बोलावून दिवसाच्या उजेडात दाखवा आणि सही घ्या. ही सही म्हणजेच तुमचा माल. पैसे तिचेच मिळतात.

८. जिथं धंदा टिकतो किंवा बुडतो

एक दिवस मालक बाजूला घेऊन म्हणेल, "अरे, बिल चार हजाराचं बनव. डिपॉझिटमधनं कापतो. तुला पाचशे जादा देतो." दुसऱ्या दिवशी दुसरा भाडेकरू म्हणेल, "दादा, त्या कोपऱ्यातल्या ओलीवर रंग मारून टाका. किल्ली दिली की मी मोकळा."

दोन्ही वेळा पैसे समोर असतात आणि हंगाम संपत आलेला असतो. मोह होतो. उत्तर आधीच पाठ करून ठेवा:

"काका, काम सोळाशेचं आहे, बिल सोळाशेचंच होईल. अजून काही करून घ्यायचं असेल तर त्याचं वेगळं बिल देतो."

"सर, ओल झाकणार नाही. कागदावर लिहितो आणि मालकांशी तुमच्यासमोर बोलतो."

पुण्यात एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळेल. शेवगावात मालक आणि भाडेकरू उद्या एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. बदलून जाणारे गुरुजी आपल्या जागी येणाऱ्या गुरुजींना खोलीही सांगतात आणि माणूसही सांगतात. तुमचं बिल दोन्ही बाजूंना खरं वाटतं, म्हणून तर दोघं तुम्हाला बोलावतात. एकदा का "हा मालकाचा माणूस" किंवा "हा भाडेकरूचा माणूस" असा शिक्का बसला की तुम्ही पुन्हा साधे पुट्टीवाले.

९. सुरुवात कशी करायची?

सामान थोडंच लागतं: दोन पुट्टीचे पत्रे, पकड, पेचकस, हातोडी, छिन्नी, थापी, छोटं घमेलं, ब्रश, लहान रोलर, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जुनी चादर, मास्क आणि चष्मा. कर्ज काढून सुरू करायचा हा धंदा नाही. हात बसेपर्यंत स्वतःच्या घराच्या भिंतीवर, मग नातेवाइकांच्या.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नुसत्या सेवेच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गवंडीकाम करणारे असाल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री हा व्यवसाय आहे. सेवा केंद्रात जाऊन पात्रता विचारा.

गृहपाठ

१. स्वतःच्या घरातली एक भिंत निवडा. दोन खिळ्यांची आणि एक गट्टूचं भोक बुजवा. टॉर्च लावून फोटो काढा.
२. रंगाच्या दोन दुकानांत भाव विचारून वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा.
३. ओळखीच्या तीन घरमालकांना एकच प्रश्न विचारा: "मागचा भाडेकरू गेला तेव्हा भिंतीवरून काय बोलणं झालं?" ऐकून घ्या, मधे बोलू नका. गिऱ्हाइकाची खरी अडचण त्या उत्तरात असेल.

तीन उत्तरं वहीत लिहून आणा. पुढच्या धड्यात त्यावरूनच भावपत्रक तयार करू.

भेटूया.